तांब्याची पेटी

१

येसबाच्या घळीत माणूस मरून पडलाय ही बातमी कोंडीबानं आणली तेव्हा चंद्राबाई दारात मिरच्या निवडत बसल्या होत्या. कोंडीबा भावकीतलाच, साठी उलटलेला, शेरडं राखणारा. पायात वहाण नव्हती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

"बोल की. का वाचा बसली?"

"वैनी..." कोंडीबा जमिनीकडं बघत म्हणाला, "लालासाहेब वाटत्यात."

लालासाहेब हा चंद्राबाईंचा धाकटा दीर. सोळाव्या वर्षी त्या सावरखोंडात नांदायला आल्या तेव्हा तो रांगत होता. दोन महिन्यांत सासू गेली आणि नव्या नवरीनं जे पोर काखेला मारलं, ते त्याला मिसरूड फुटेस्तोवर खाली उतरलंच नाही. पुढं तो फौजेत गेला, हवालदार होऊन परत आला आणि घरी बसल्याबसल्या बिघडला. दारूनं बिघडला असता तर चंद्राबाईंनी चार दिवसांत उतरवली असती. तो येसबाच्या हंड्यांनी बिघडला.

येसबा हा गोऱ्या साहेबाच्या काळातला फरारी. गावावरच्या डोंगरात एक खोल घळ आहे, तिच्यात तो लपायचा. तिथंच पोलिसांनी त्याला गोळी घातली, पण गाव ते मानत नाही. मढं दुसऱ्याचंच होतं, येसबा गोसावी होऊन मुलखावर गेला आणि सात हंडे सोनं घळीत पुरून ठेवलं, असं पोरंसुद्धा सांगतात. पुरावा काय, तर त्याच्या बायकोनं मरेपर्यंत कपाळाचं कुंकू पुसलं नाही.

त्या सात हंड्यांसाठी लालासाहेबानं जतकडचा एक विहीर खोदणारा गाठला. गुंडा त्याचं नाव. अंगानं लालासारखाच उंच आणि काटक. दोघं घळीत जाऊन राहिले त्याला आठ दिवस झाले होते आणि शेवटचे चार दिवस कुणाचाच पत्ता नव्हता.

चंद्राबाई डोंगर चढून गेल्या. पुढं सून दीपमाला. ती गावची पोलीस पाटील, सासऱ्यामागं परीक्षा देऊन झालेली. मागं लालाची बायको विजयमाला. घळीच्या तोंडाशीच वासानं पावलं अडखळली. आत पुरुषभर खड्डा आणि त्यात ढासळलेल्या शिळेखाली माणूस. वैशाखाच्या उन्हानं चार दिवसांत करायचं ते केलं होतं. तोंड तर उरलंच नव्हतं. अंगात लालाचा हिरवा फौजी बनियन, मनगटाला त्याचं घड्याळ, गळ्यात त्याच्या नंबरचा बिल्ला.

विजयमाला दहा पावलांवर थांबली. तिनं घड्याळाकडं पाहिलं आणि अंग टाकून दिलं.

"गुंडानं घात केला माझा! हंडा घिऊन गेला मुडदा!"

बायकांनी तिला सावरलं. दीपमालानं वाकून खड्ड्यात उजेड मारला. शिळेच्या कडेला, तळाच्या मातीत, एक गोल खळगा होता. गुळगुळीत आणि स्वच्छ. एक हंडा बसेल एवढाच.

२

प्रेत खाली आणण्याजोगं नव्हतं. डॉक्टर वर आले, जागेवरच तपासणी झाली आणि डोंगराच्या पायथ्याशीच चिता रचली. लालाला मूलबाळ नव्हतं. चंद्राबाईंचा लेक वीरधवल सरहद्दीवर. म्हणून अग्नी कोंडीबानं दिला.

घरी आल्यावर भावकीतल्या दोन म्हाताऱ्या विजयमालाच्या बांगड्यांना हात घालायला पुढं झाल्या. चंद्राबाई मध्ये उभ्या राहिल्या.

"खबरदार! ठराव कशाला केलाय गावानं? शोभंला?"

नवरा मेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत असा ठराव गावानं तीन वर्षांपूर्वी केला होता आणि त्यात पहिला हात चंद्राबाईंचा वर गेला होता. त्यांच्या स्वतःच्या वेळी कुणी ठराव केला नव्हता. उजव्या मनगटावर काचेचा वण अजून होता. म्हाताऱ्या पुटपुटत मागं सरल्या. विजयमालाचं कुंकू राहिलं, चुडा राहिला, आणि कुणाला त्यात वावगं वाटायचं कारण उरलं नाही.

तिसऱ्या दिवशी पुरुषांनी राख सावडली. अस्थी कराडच्या संगमावर गेल्या. कोंडीबानं राखेत सापडलेली एक वस्तू तेवढी चंद्राबाईंच्या हातात आणून ठेवली. जळून काळी पडलेली तांब्याची पेटी. गळ्यात, दंडात देवाच्या नावानं घालतात तसली, बोटाच्या पेराएवढी.

"फौजेतनं आणली असंल," कोंडीबा म्हणाला.

चंद्राबाईंनी ती देवळीत ठेवली. ज्या पोराला आपण न्हाऊमाखू घातलं त्याच्या अंगावर ही पेटी कधी पाहिली नाही, एवढं त्यांच्या मनात आलं. पण कर्ता माणूस गेलेल्या घरात मनाला कोण विचारतं?

पोलिसांच्या गाड्या कर्नाटकच्या हद्दीपर्यंत फिरल्या. गुंडा सापडला नाही. गावातून त्यांनी शाळेच्या प्रबुद्ध मास्तरांना उचललं, दोन दिवस बसवून घेतलं आणि सोडलं. कारण घळीतली खोदाई थांबवा म्हणून मास्तरांनी तहसीलला अर्ज दिला होता आणि भर चौकात लालासाहेबानं त्यांची गचांडी धरली होती.

तेराव्याचं जेवण उरकलं, पत्रावळी उचलल्या, तेव्हा पायरीखाली एक म्हातारी बसलेली दिसली. सोबत पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. जेवायला आलेल्या असतील म्हणून दीपमाला ताट घेऊन गेली. म्हातारीनं ताटाकडं बघितलंसुद्धा नाही.

"जेवायला न्हाई आली मी, बाई," ती म्हणाली. "ज्यानं तुमचा माणूस मारला म्हणत्यात, त्याची मी आई."

३

अंगणात गलका झाला. कुणी म्हणालं हाकला, कुणी म्हणालं पोलिसांना फोन लावा. चंद्राबाईंनी नुसता हात वर केला.

"माज्या दारात बसलीया ती. तुमच्या न्हाई. ये गं, वर ये."

म्हातारीचं नाव धोंडुबाई. जतच्या पलीकडं, निम्मं गाव कन्नड बोलणारं. मुलगी गुंडाची लेक साक्षी, दहावीला. धोंडुबाई रडली नाही. रडून झालं होतं.

"माजा गुंडा इहिरी खोदतो, अक्का. माणसं पुरत न्हाई. घरात पोलीस बसल्यात. गाव पाणी भरू दिना. ह्या पोरीला शाळंत खुन्याची पोर म्हणत्यात. मी म्हणलं, ज्या घरचा माणूस गेला त्या घरालाच इचारावं. माजं पोरगं कुटं हाय?"

"ते आमी तुला इचारायचं," विजयमाला आतून फणकारली. "आमचं सोनं घिऊन पळालाय की!"

"सोनं बघितलंस तू?" चंद्राबाईंनी मान न वळवता विचारलं.

"न्हाई... बघणार कुटनं? आसंल म्हणून म्हणलं, आक्का."

धोंडुबाई आपल्याच तंद्रीत होती. "रोज फोन करायचा. 'अव्वा, जेवलीस का?' एवढंच इचारायचा. सतरा दिस झालं, फोन बंद हाय. त्येच्या अंगावर मायाक्का देवीची पेटी हाय, म्हणून मी धीर धरून हाय. ती आसंस्तोवर त्येला काय हुनार न्हाई."

चंद्राबाईंचा हात देवळीकडं गेला. पेटी त्यांनी म्हातारीच्या तळव्यावर ठेवली.

धोंडुबाईनं ती पदरानं घासली. काजळी गेली, तांबं दिसलं. एका कडेला बारीक चेपलेली खूण होती. "दात फुटायच्या वक्ताला चावायचा," ती म्हणाली आणि तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "ही तुमच्याकडं कशी?"

मग दीपमालानं सासूला बाजूला घेतलं. तिचं तोंड उतरलं होतं.

"आत्याबाई, म्हातारीनं सोताच्या हातानं लेकाला फासावर चढवला. झटापटीत धाकट्या मामंजींच्या मुठीत ही पेटी आली असणार, ती मुठीसकट जळली. गुंडा तिथं होता ह्येचा ह्यापरास पुरावा कुठला? मला ठाण्यात कळवावं लागंल."

"कळीव," चंद्राबाई म्हणाल्या. "पण तीन दिस थांब."

"का?"

"कारण लालाच्या मुठीत कुणी काय बगितलं का, ह्ये आजून कुणी सांगितलं न्हाई मला."

धोंडुबाईला त्यांनी माघारी जाऊ दिलं नाही. नातीसह सोप्यात ठेवून घेतलं. खुन्याच्या आईला घरात ठेवलं म्हणून भावकीनं दुसऱ्या दिवसापासून बोलणं टाकलं. चंद्राबाई म्हणाल्या, बरं झालं, चहा वाचला.

४

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या प्रबुद्ध मास्तरांच्या घरी गेल्या. मास्तर पस्तिशीचे, गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी वहीत उतरवून ठेवणारे. आईनं चहा ठेवला. चंद्राबाई उंबऱ्यातच थांबल्या होत्या, ते बघून मास्तर म्हणाले, "काकी, आत बसा की. खुर्ची चावत नाही."

चंद्राबाई बसल्या. या घरात त्या पहिल्यांदाच बसत होत्या आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

"मास्तर, सरळ इचारते. तुमी मारलं का लालाला?"

"नाही. पण चौकात त्यांनी माझी कॉलर धरली तेव्हा मनातल्या मनात चार कानाखाली दिल्या."

"त्या मी पण दिल्या आसत्या. भांडान कशाचं?"

मास्तरांनी वही काढली. "मी त्यांना म्हटलं, तिथं सोनं नाही. माझ्या पणज्यानं येसबाचं मढं घळीतनं खाली आणलंय. मढी वाहायला तेव्हा आमचीच माणसं लावायचे. पणजा सांगायचा, मढं येसबाचंच. डाव्या पायाला सहा बोटं. आणि लूट म्हणाल तर बाजाराला निघालेल्या गोरगरिबांची गाठोडी. तांब्याचे ढब्बू पैसे, पितळी भांडी. सोनं असलेल्या वाड्यावर जायची येसबाची छाती नव्हती."

"मग गाव आसं का सांगतंय?"

"पणज्याला कुणी विचारलंच नाही, काकी. ज्यानं मढं खांद्यावर वाहिलं त्याला सोडून बाकी सगळ्यांनी सांगितलं."

चंद्राबाईंनी चहाचा घोट घेतला.

"आणि त्याच्या बायकूचं कुंकू?"

"तिला नवरा मेलेला पटलाच नाही. वेडी आशा. पण गावाला तेवढं पुरलं. बाई कुंकू पुसत नाही म्हणजे नवरा जिवंत. लालासाहेब मला चौकात हेच ओरडून सांगत होते. म्हणाले, 'माणसं मढ्याचं तोंड बघत न्हाईत मास्तर, बाईचं कपाळ बघत्यात.'"

चंद्राबाईंनी कप खाली ठेवला. परतताना चावडीजवळच्या वडाभोवती गावातल्या बायकांची गर्दी दिसली. सूत, फणस, आंबे, नवी लुगडी. आज वटपौर्णिमा, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. विधवा बाईला कशाला ध्यानात राहील?

५

दीपमालाचा उपास. धोंडुबाईही विधवा. म्हणून चंद्राबाईंनी साक्षीसकट चौघींपुरत्या भाकरी थापल्या आणि विजयमालाचं ताट तिच्या खोलीत पाठवलं. तासाभरानं ती रिकामं ताट घेऊन आली.

"जेवलीस?"

"जेवले की, आक्का. आमटी झ्याक झालीया. मी जरा जळनाला जाऊन येते." डोक्यावर झाकलेली पाटी घेऊन ती मागच्या दारानं गेली.

दुपारी गाईला पाणी दाखवायला चंद्राबाई गोठ्यात गेल्या. गव्हाणीत वैरणीखाली काहीतरी पांढरं दिसलं. त्यांनी वैरण बाजूला सारली. दोन आख्ख्या भाकरी. तुकडासुद्धा मोडलेला नव्हता. गाईच्या शिंगाला आमटीतल्या डाळीचा थेंब वाळलेला.

चंद्राबाई गव्हाणीच्या कडेला बसल्या. शाळेत त्या दोन यत्तांपुढं गेल्या नव्हत्या. पण घरात कोण किती खातं, का खात नाही आणि कुणापासून लपवतं, एवढं वाचायला त्यांना कधी शाळा लागली नव्हती. नवरा गेल्यावर एखादीनं सवयीनं उपास धरला, तर तिला कुणी खाणार होतं का? ती सरळ म्हणाली असती, आक्का, आज मला गिळवत न्हाई. ठराव केलेल्या गावात तेवढी सोय होती. मग 'जेवले' म्हणून खोटं का बोलावं? उपास मेलेल्या नवऱ्यासाठी असेल तर तो लपवायचा नसतो. लपवायचा असतो तो...

त्या ताडकन उठल्या आणि कोंडीबाच्या छपराकडं चालू लागल्या.

"कोंडीबा, खरं सांग. ती पेटी राखंत कुटं गावली? हाताच्या जागी?"

"न्हाई वैनी. मधी गावली. कमरंच्या जागी."

"कशावरनं?"

"आवं, मीच टाकली की. शेवटला करदोडा तोडायचा आसतो न्हवं? कापडाखाली हात घालून मी तोडला आणि चितंवर टाकला. तवाच हाताला टोचलं कायतरी. लाल दोऱ्यात ओवल्याली व्हती."

"लाल?"

"लालच की. का?"

लालाचा करदोडा चंद्राबाई दरसाल पाडव्याला स्वतःच्या हातानं विणत आल्या होत्या. चार पदरी, काळा, रेशमी गोफ. तो फौजेत होता तेव्हा टपालानं पाठवत होत्या. पेटी असती मुठीत, तर ती झटापटीत आलेली म्हणता आली असती. कमरेच्या करदोड्यात ओवलेली पेटी कुणाच्या हाती लागत नाही. ती ज्याची असते त्याच्याच अंगावर असते.

"वैनी, घाम का आलाय तुमास्नी?"

"कोंडीबा," त्या हळू म्हणाल्या, "कुऱ्हाड घे तुजी. आणि दीपमालाला म्हणावं, ठाण्यात फोन लाव."

"झालं काय?"

"आपुन दुसऱ्याच्याच लेकराला जाळलं."

६

घळीच्या वाटेवर, कड्याच्या काठाला, एक एकटा वड आहे. येसबाच्या भीतीनं तिकडं कुणी बाई फिरकत नाही. त्या वडाला कोरं पांढरं सूत गुंडाळलेलं होतं. सात वेढे. बुंध्याशी हळदीकुंकू आणि पाच आंबे.

दीपमाला ते बघून थिजली. "आत्याबाई, पोलीस निघाल्यात. तासाभरात येत्यात. तोवर थांबू इथंच."

"तू थांब. कोंडीबा, तू बी. त्याला मी वाढवलंय. मला तो काय करनार?"

"गुंडालाही वाटलं असंल की असंच," दीपमाला म्हणाली. तरी चंद्राबाई पुढं गेल्या.

घळीच्या आत, जुन्या खड्ड्याच्या पलीकडं, नवा खड्डा होता. उन्हाची तिरीप तिथवर पोचत होती. काठावर विजयमालाची पाटी होती, तिच्यात पीठ आणि मीठ-मिरची. विजयमाला गुडघ्यात मान घालून बसली होती. आणि खड्ड्यातून पहार हातात घेतलेला, दाढी वाढलेला, भगवी छाटी गुंडाळलेला माणूस वर बघत होता.

"वैनी," तो म्हणाला.

चंद्राबाईंनी आवाज कोरडा ठेवला.

"भगवं नेसून येसबा झालास व्हय रं? तेराव्याला लाडू करायला लावलंस मला. गोड व्हते का, बायकूनं आनलं असतील की?"

लालासाहेब वर आला. पहार त्यानं सोडली नव्हती. "कसं कळलं?"

"तू समदं केलंस. कपडं बदललंस, घड्याळ बांधलंस, बिल्ला घातलास. तोंड..." त्या थांबल्या. "पण करदोडा न्हाई बदललास. त्येचा त्येच्या कमरंला ठेवलास, तुजा तुज्या. का?"

लालाचा हात आपोआप कमरेकडं गेला. छाटीच्या वर काळा गोफ दिसत होता.

"तुमीच सांगितलंवतं," तो लहान पोरासारखा म्हणाला. "जित्या माणसानं करदोडा तोडायचा न्हाई. तो मेल्यावरच तोडत्यात. हात धजला न्हाई, वैनी."

"माणसाच्या डोस्क्यात पहार घालायला धजला?"

"रागात झालं! हंडा वर आला तवा तो म्हणाला, सरकारात भरू, बक्षीस मिळंल. आयुष्यभर ज्याच्यामागं लागलो ते सरकारात भरू? मी... एकच मारली. मग वाटलं, येसबाला जमलं ते मला का न्हाई जमायचं?"

"आणि ही?" चंद्राबाईंनी विजयमालाकडं बोट केलं. "कोनी इचारायच्या आधीच गुंडाचं नाव घेतलंस. तवाच माज्या ध्यानात याया पायजेल व्हतं. मढ्याजवळ बी न्हाई गेलीस. दहा पावलांवरनं घड्याळाला रडलीस."

"त्यांनी सांगितलं तसं केलं, आक्का," विजयमाला हुंदके देत म्हणाली. "खोटं बोलले, खोटं रडले. पण आजचा उपास न्हाई सोडवला. जित्या नवऱ्याचा उपास कसा सोडू?"

"तू तो सोडला असतास," चंद्राबाई म्हणाल्या, "तर मी आजून बी लालासाठी रडत बसले असते."

हंडा तिथंच होता. चंद्राबाईंनी वाकून आत पाहिलं. हिरवट गंज चढून एकमेकांना चिकटलेला पैशांचा गोळा.

"सोन्याला हिरवं चढत न्हाई, लाला. तांबं हाय ह्ये. ढब्बू पैसं. कुण्या बाजारकरणीच्या गाठीचं."

"ठावं हाय," लालासाहेब म्हणाला. त्याचे डोळे चकाकत होते. "वरचा हंडा तांब्याचाच ठिवत्यात, वैनी. फसवायला. खाली सा हायत. सा! म्हणून तर गेलो न्हाई कुटं." तो एक पाऊल जवळ आला. "तुमी माघारी जावा. मी मेलोय. गावानं जाळलंय मला. घराची अब्रू शाबूत हाय. तुमच्या वीरधवलला फौजेत खुन्याचा पुतन्या म्हणून घ्यायला नको. मरू द्या की मला, वैनी. तुमचं काय जातंय?"

चंद्राबाईंना सोप्यात बसलेली साक्षी आठवली, पुस्तक न उघडता मांडीवर धरून बसलेली. घराची अब्रू. आयुष्यभर त्यांनी ती पदराखाली झाकून वागवली होती. तिचं ओझं आज पहिल्यांदा त्यांना कळलं.

"माजा लाला मेला," त्या म्हणाल्या. "त्याचं तेरावं मी घातलंय. तू कोन ते मला म्हाईत न्हाई."

पहार वर गेली. विजयमाला किंचाळली. चंद्राबाई जागच्या हलल्या नाहीत, नुसत्या त्याच्या डोळ्यांत बघत राहिल्या. लहानपणी खोटं बोलला की बघत तशाच. पहार हवेत थरथरली, मग दगडावर पडून ठणाणली. तो आवाज ऐकून कोंडीबा आणि दीपमाला धावत आत आले.

लालासाहेब खड्ड्याच्या काठावर बसला आणि रिकाम्या हातांनी माती उकरू लागला.

७

जबाब द्यायला चंद्राबाई तालुक्याच्या ठाण्यात गेल्या. दीपमाला लिहून घेणाऱ्या फौजदाराला एकेक गोष्ट क्रमानं सांगत होती. चंद्राबाईंनी शेवटी अंगठा न उठवता सही केली. दोन यत्तांची सही, वाकडी, पण स्वतःची.

विजयमालाला आतल्या खोलीत बसवलं होतं. चुडा हातात तसाच होता. तिनं अजून पाणी घेतलं नव्हतं.

समोर लालासाहेबाला कोठडीत घालायची तयारी चालली होती. हवालदारानं छाटी तपासली, गळ्यातली माळ काढून घेतली, मग टेबलावरची कात्री उचलली.

"हे कशाला?" लालासाहेब मागं सरकला.

"करदोडा काढावा लागतो. कोठडीत कुणी गळ्याला लावून घेऊ नये म्हणून. सगळ्यांचाच काढतो."

"थांबा! तो न्हाई! वैनी, सांगा की त्यास्नी! वैनी!"

चंद्राबाई उठल्या नाहीत. दोघांनी त्याचे हात धरले. कात्रीचा कट्ट असा बारीक आवाज झाला आणि चार पदरी काळा गोफ टेबलावर पडला. लालासाहेबाचा आरडाओरडा एकाएकी थांबला. तो आपण होऊन कोठडीत गेला आणि भिंतीकडं तोंड करून बसला.

"बाई, हा तुम्हाला पाहिजे का?" हवालदारानं विचारलं.

"न्हाई," चंद्राबाई म्हणाल्या. "तोडल्याला घरात ठिवत न्हाईत."

बाहेर पायरीवर धोंडुबाई आणि साक्षी बसल्या होत्या. म्हातारीच्या मुठीत पेटी होती. तिला सगळं कळलं होतं. लेक खुनी नव्हता, हे खरं ठरण्यासाठी तो मेलेला असावा लागत होता, हेही कळलं होतं. चंद्राबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"अस्थी बी दिल्या न्हाईत गं तुला. दुसऱ्याच्या नावानं संगमात सोडल्या आमी," त्या म्हणाल्या. "दहावा बी दुसऱ्याच्या नावानं झाला."

धोंडुबाईनं मान वर केली. "दहाव्याला कावळा शिवला व्हता का, अक्का?"

चंद्राबाईंना तो दिवस आठवला. दोन तास घाटावर सगळे ताटकळले होते. लालाच्या नावानं काय काय कबूल केलं: विजयमालाला सांभाळू, रान विकणार नाही, घळ बुजवू. कावळे झाडावर बसून होते, एक खाली आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं होतं.

"न्हाई शिवला."

धोंडुबाईनं मान हलवली, जणू तिला ते आधीच ठाऊक होतं. "लेकीच्या शाळंचं कोण बोललं नसंल तिथं."

चंद्राबाईंनी खाली वाकून साक्षीचा हात धरला आणि तिला उभं केलं.

"चल," त्या म्हणाल्या. "घाटावर जायाचं. आता बोलू."